पहिलं स्टेशन फ्रँकफर्ट

"बॅगेत काय आहे?" मॉलच्या सिक्युरिटीवाल्यानं हिंदीत विचारलं.

"तांदूळ," कासम म्हणाला.

"इथून घेतला? बिल दाखवा."

"इथून नाय, घरून आणलाय."

मॉलमध्ये घरून तांदूळ कोण घेऊन येतं, हा प्रश्न त्या बिचाऱ्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. बाहेर कुवेतमधल्या हवल्लीत ऑगस्टचं ऊन मी म्हणत होतं आणि आत पन्नाशी उलटलेले दोन गृहस्थ पाठीवर भल्यामोठ्या सॅक लावून बुटांच्या दुकानापासून खेळण्यांच्या दुकानापर्यंत येरझाऱ्या घालत होते. शेवटी दिनकर पुढे झाला.

"वी आर प्रॅक्टिसिंग फॉर जर्मनी," त्यानं सांगितलं. थाट असा, की जर्मनीनं जणू याला घरी माणूस पाठवून आमंत्रण दिलंय.

सिक्युरिटीवाल्यानं हसू दाबलं आणि दोघांना सोडून दिलं.

हे जर्मनीचं खूळ दिनकरचं. तरुणपणी सांगलीहून पुण्याला शिकायला गेला, तेव्हा त्यानं हौसेनं जर्मनचा क्लास लावला होता. पुढे नोकरी कुवेतला लागली आणि ती भाषा हिशेबाच्या टेबलाशी बसून राहिली. मीना अब्दुल्ला या कारखान्यांच्या भागातल्या ज्या कंपनीत तो अकाउंट्सला होता, तिथेच कासम क्रेन चालवायचा. हवल्लीहून निघणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये दोघं वर्षानुवर्षं एकाच बाकावर बसले, आणि त्या बाकावरच फ्रँकफर्ट, कोलोन, हॅम्बुर्ग, बर्लिन, म्युनिक अशी शहरं बोलण्यात एकामागून एक लागत गेली. सगळी रेल्वेनं, पाठीवर सॅक टाकून; तांदूळ भरला होता तो त्याच वजनाच्या सवयीसाठी. सूटकेस ओढत फिरणारा तो पर्यटक आणि पाठीवर घेणारा तो प्रवासी, असं दिनकरचं ठाम मत होतं.

कासमला हे पटायला फार वेळ लागला. तो हर्णैचा. त्याच्या हिशेबी प्रवास म्हणजे सुट्टी, सुट्टी म्हणजे गाव, आणि गावाला जायचं ते दोरीनं आवळलेले खोके घेऊन. स्वतःच्या घरचे, शेजाऱ्याचे, शेजाऱ्याच्या मेहुण्याचेसुद्धा.

"जिथं आपली कोण वाट बघत नाय, त्या गावाला जायचा कशाला?" त्यानं एकदा विचारलं होतं.

"म्हणूनच," दिनकर म्हणाला. "एकदा तरी अशा गावाला जायचं, जिथं कुणाला काही द्यायचं नाही. नुसतं बघायचं आणि पुढे सरकायचं."

हे वाक्य कासमच्या डोक्यात घर करून बसलं. दोघांचे व्हिसा आले, सप्टेंबरची तिकिटं निघाली. हर्णैला बायकोला फोनवर सांगितलं, तर झुलेखा म्हणाली, "जर्मनीला जातास तर माझ्यासाठी एक जर्मनचा टोप आण. जुना चेपलाय." आपल्याकडे ॲल्युमिनियमलाच जर्मन म्हणायची रीत, त्यामुळे ही गंमत त्यानं बसमध्ये दिनकरला सांगितली, आणि दिनकर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.

तर त्या दिवशी मॉलमध्ये सिक्युरिटीवाला गेल्यावर दिनकर पाणी प्यायला म्हणून वळला आणि आलाच नाही. फोन उचलेना. कासमनं तांदळासकट दोन्ही मजले पालथे घातले. शेवटी तो सापडला फर्निचरच्या दुकानात. मांडून ठेवलेल्या पलंगावर बसला होता, बूट काढून पलंगाखाली नीट जोडीनं ठेवलेले.

"बस ना," तो कासमला म्हणाला. "मंदा चहा टाकतेय."

कासम हसला. थट्टाच असणार, दुसरं काय? पण दिनकर हसत नव्हता, तो स्वयंपाकघर कुठे दिसतंय का ते बघत होता. कासमनं गुडघ्यावर बसून मित्राच्या पायांत बूट चढवले, नाड्या बांधल्या आणि म्हणाला, "चहा बाहेर पिऊ. चल."

दिनकरच्या बायकोला, मंदावहिनीला, त्यानं काही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा तिकडच्या गाडीत बसला, की गारव्यानं डोकं ताळ्यावर येईल, असं तो स्वतःला समजावत राहिला.

पण मूठ झाकलेली राहिली नाही. दिवस जवळ आले तसं वहिनीनंच त्याला घरी बोलावून घेतलं.

"कासमभाई, तुम्हाला कळलंच असेल," ती म्हणाली. दिनकर समोरच सोफ्यावर टीव्ही बघत होता, तरी तिनं आवाज खाली आणला नाही. "परवा लिफ्टमध्ये शिरले आणि वरखाली करत बसले. आपला मजला कुठला, ते सांगता येईना. डॉक्टर म्हणतात, हे आता वाढतच जाणार. कंपनीनं राजीनामा घेतलाय. नोकरी नाही म्हणजे अकामा नाही, आणि अकामा नाही म्हणजे इथं राहणं नाही. आम्ही सांगलीला निघालो, कायमचे."

"आधी आम्हाला जाऊन येऊ दे, वहिनी. मी त्याचा हात सोडणार नाय. संडासाला गेला तरी दाराबाहेर उभा ऱ्हाईन."

"आणि परक्या गावात रस्त्यातच बसून राहिले तर? तुम्हाला तिथं साधा पत्ता तरी विचारता येणार आहे का?"

"मला नाय, पण त्याला येता! त्याला ती भाषा येता." कासम दिनकरकडे वळला. आपण आर्जवं करतोय, हे त्याचं त्यालाच जाणवत होतं. "दिनकर, वहिनीला सांग बघू, आपल्याला काय करायचा हाय. सांग ना. जर्मन... जर्मन..."

दिनकरचा चेहरा उजळला. तो उठला, तरातरा स्वयंपाकघरात गेला. आत भांडी वाजली. तो परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत ॲल्युमिनियमचं पातेलं होतं.

"हे घे जर्मनचं," तो म्हणाला. "झाकण पण आहे. तुझ्या झुलेखाला पाहिजे होतं ना?"

वहिनीनं तोंडाला पदर लावला. कासमला वाटलं, हे पातेलं डोक्यात घालून घ्यावं. म्हणजे झुलेखा लक्षात राहिली, टोप लक्षात राहिला, आणि वाहून गेली ती नेमकी जर्मनी! क्रेननं लोखंडाचे डोंगर उचलून अलगद ठेवणारा हा माणूस, पण इथं त्याचं काही म्हणजे काहीच चालत नव्हतं.

"बरा झाला," त्यानं पातेलं घेतलं. "हाच पायजे होता."

सांगलीला निघायच्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला. आवाज अगदी थकलेला. "हे निघायला तयार नाहीत. सॅक पाठीला लावून दारात बसलेत. कासम आल्याशिवाय जायचं नाही म्हणतात, फ्रँकफर्टची गाडी आहे म्हणतात. तुम्ही याल का? आणि... तुमचीही सॅक घेऊन या."

कासमनं सॅकमध्ये उशी कोंबली, म्हणजे भरलेली दिसावी. आपल्या मित्राला फसवायला आपण निघालोय, याची त्याला लाज वाटत होती, आणि न जाऊन चालणार नव्हतं.

विमानतळावर दिनकर खुशीत होता. कितीतरी दिवसांनी तो बसमधल्यासारखा बोलत होता. "पहिलं स्टेशन फ्रँकफर्ट. तिथं थांबायचं नाही, नुसतं बघायचं. तुझी सॅक हलकी दिसतेय रे."

"कमीच घेतलाय सामान," कासम म्हणाला. "कोणाला काय द्यायचा नाय ना."

"शाबास! आता तू प्रवासी झालास."

पासपोर्ट तपासणीच्या अलीकडे तिकीट बघणारा माणूस उभा होता. त्यानं वहिनीला आणि दिनकरला पुढे सोडलं आणि कासमपुढे हात आडवा केला. दिनकर थबकला.

"काय झालं? चल ना."

वहिनीनं कासमकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत नुसती विनवणी होती. कासमला खरं सांगायचं होतं. दिनकर, ही गाडी सांगलीची आहे, पुन्हा भेट होईल न होईल, आणि झाली तरी तू मला ओळखशील का रे, हे सगळं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण निरोप घेताना आपल्याकडे जातो म्हणत नाहीत. त्यानं हात वर केला.

"येतो रे," तो म्हणाला.

"ये लवकर," दिनकर म्हणाला आणि वहिनीबरोबर आत गेला.

रांग मोठी होती. मागच्या माणसानं ट्रॉली पुढे रेटली, तसा दिनकरनं हात आडवा करून त्याला थांबवलं, त्याला काहीतरी समजावून सांगितलं आणि दाराकडे बोट दाखवलं. मग तो स्वतः एक पाऊल पुढे सरकला आणि मागे एक माणूस मावेल एवढी जागा धरून उभा राहिला.