एकतिसावी लेव्हल आणि मिरच्यांची भट्टी

मित्रांनो, मानवी संस्कृतीचं शिखर कोणतं, असं कुणी विचारलं की मी गप्प बसतो. स्वतःचं नाव स्वतः घेऊ नये, असे माझ्यावर संस्कार आहेत.

सध्या हे शिखर डॅन्यूब नदीकाठच्या लोम गावात, चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात, ओलसर टॉवेलखाली पडून आहे. उजवीकडे भाजलेल्या मिरच्यांच्या सालींचा ढीग, डावीकडे चावून थुंकलेली सूर्यफुलाच्या बियांची फोलपटं आणि पोटात एक झुरळ. झुरळाबद्दल माझी तक्रार नाही. खाऊन झाल्यावर मिशा साफ करणारं या घरात ते एकटंच आहे.

मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. माझा जन्म कुठे झाला, मला ठाऊक नाही. माझ्या पाठीवर एका देशाचं नाव छापलंय, पोटात दुसऱ्याच देशाचं, आणि ज्याने मला विकलं तो तिसऱ्याच देशाची शपथ घेत होता. १९९४ साली, डॅन्यूबकाठच्या आठवडी बाजारात, मोजे आणि पान्हे यांच्या मधोमध मला मांडलं होतं. वल्चोने मला उचललं, हुंगलं आणि बगलेत मारलं. वल्चो बंदरावर क्रेन चालवायचा आणि महिना ऑगस्टचा होता. माझ्या आयुष्यातली पहिली शिसारी ती.

माझ्याबरोबर एक पिवळी कॅसेट आली. तिच्यावर ठळक अक्षरांत ‘९९९९ खेळ’ असं लिहिलं होतं. खरे खेळ सात. बाकीचे सगळे तेच सात, नावं बदलून. माणसं चिडतील, मला परत नेऊन त्या विक्रेत्याच्या डोक्यात घालतील, असं मला वाटलं होतं. छे! वल्चो अख्ख्या इमारतीला सांगत सुटला, “आमच्याकडे दहा हजारांना एकच कमी आहे!”

आता त्या सात खेळांविषयी माझं मत सांगतो. ते आजवर कुणी विचारलेलं नाही, म्हणूनच ते शुद्ध राहिलं आहे.

पहिल्या खेळात एक विमान डावीकडून उजवीकडे जातं आणि ढगांवर गोळ्या झाडतं. ढगांनी त्याचं काय घोडं मारलंय, कळत नाही. दुसऱ्यात दोन उघडेबंब पैलवान एकमेकांना लाथा घालतात. हरलेला अदृश्य होतो, पण त्याची लाल चड्डी पडद्यावर तशीच राहते. पुढचा डाव त्या चड्डीच्या साक्षीने. मला वांतीची सोय नाही, नाहीतर तिथेच केली असती. मग एक मासेमारीचा खेळ. खिडकीबाहेर साक्षात डॅन्यूब वाहते आणि हे लोक माझ्या पोटातून तीन चौकोनांचा मासा ओढतात. तो मासा बूट असावा, असा माझा दाट संशय आहे. विटा रचायचा खेळ वल्चोच्या बायकोचा, गिंकाचा. ती दिवसभर कारखान्यात बरण्या रचायची आणि दमून घरी आली की विरंगुळा म्हणून विटा रचायची. आणखी एक बेडकाचा आहे. त्यावर मी बोलणार नाही.

सातवा खेळ मात्र, मित्रांनो, खरा खेळ. एक म्हातारा शिडीवर चढतो, सफरचंदं तोडतो, खाली येतो. शत्रू नाही, घड्याळ नाही. टोपली भरली की पडद्यावर ‘शाब्बास’ येतं. आजवर तो एकदाच लागला. गिंकाचा धाकटा भाऊ त्स्वेतान शेजारच्या जिन्यात राहायचा आणि रोज इथेच पडीक असायचा. त्याने तो लावला.

वल्चोने विचारलं, “यात मरतं कोण?”

“कुणीच नाही, दाजी.”

“मग काय मेणबत्ती लावून हात जोडू? बदल!”

आणि जो सगळ्यांत भिकार, तो या घरात सर्वश्रेष्ठ ठरला: रणगाडे आणि कोंबडी. दोन रणगाडे, मधोमध विटांचा किल्ला, किल्ल्यात एक कोंबडी. शत्रू चहूकडून येतो. कोंबडी मेली की खेळ खलास. एका कोंबडीपायी दोन सैन्यं का झुंजताहेत, हा प्रश्न कुणालाही पडला नाही. वर किळसवाणी गोष्ट अशी की आपल्याच रणगाड्याची गोळी आपल्याच कोंबडीला लागते.

या खेळासाठी मेहुणे-मेहुणे मला फुंकायचे. पडद्यावर रेघा आल्या की कॅसेट उपसायची, तिच्या दातांवर जोरात फुंकर मारायची, परत ठोसायची. या लोकांचा देवावर नव्हता इतका फुंकरीवर विश्वास. प्रत्येक फुंकरीत लसूण असायचा, राकियाची दारू असायची आणि वल्चोच्या किडक्या दाढेचा इतिहास असायचा. त्या ओलाव्याने कॅसेटचे दात गंजायचे, गंजले की रेघा यायच्या आणि रेघा आल्या की हे पुन्हा फुंकायचे. याला ते दुरुस्ती म्हणत.

त्या वर्षी सप्टेंबरात दोघे एकतिसाव्या लेव्हलपर्यंत पोहोचले. एकूण पस्तीस. अख्ख्या लोममध्ये कुणी तिथवर गेलेलं नव्हतं. माझी स्मरणशक्ती मात्र अशी की वीज गेली की सगळं साफ. म्हणून त्यांनी मला बंदच केलं नाही. टीव्ही बंद करायचा, मला चालू ठेवायचं, वर टॉवेल टाकायचा आणि कामाला जायचं. असे चार दिवस. दोघांनी ब्रेडवर मीठ टाकून शपथ घेतली होती: एकाशिवाय दुसऱ्याने हात लावायचा नाही.

चौथ्या दिवशी गिंकाने वर्षाच्या मिरच्या आणल्या. चाळीस किलो, लाल, लांबड्या. त्या एकेक करून उभ्या डब्यासारख्या विजेच्या भट्टीत भाजायच्या, सोलायच्या आणि त्यांची चटणी बरण्यांत भरायची. लोममध्ये सप्टेंबरात मिरच्या भाजल्या नाहीत तर शेजारी विचारायला येतात, घरात कुणी गेलं का. टीव्हीचं सोडलं तर स्वयंपाकघरात प्लग लावायला तेव्हा भोक एकच होतं. गिंकाने सवयीने एक वायर उपटली, दुसरी खोचली.

दहा मिरच्या झाल्यावर तिला टॉवेल दिसला.

तिने मला घाईघाईने परत लावलं, टीव्ही लावला. पडद्यावर खेळांची यादी. बिचारीला वाटलं, कोंबडीवाला खेळ दाबला की एकतिसावी लेव्हल आपोआप येईल. आली पहिली. हात तेलाचे, बटण निसटलं, गोळी सुटली. कोंबडी मेली. गिंकाने टीव्ही बंद केला आणि टॉवेलची घडी आधी होती तशीच नीट घातली.

संध्याकाळी दोघांनी टॉवेल काढला. पडद्यावर मेलेली कोंबडी.

“दाजी, तुम्ही एकटे खेळलात.”

“मी? मी क्रेनवर होतो! किल्ली तुझ्याकडेही आहे, त्स्वेतान.”

“मी कोंबडी मारीन?”

“तू? तू सख्ख्या आईची कोंबडी विकून बूट घेतलेस!”

“तो कोंबडा होता!”

“बघा! कबूल करतोय!”

गिंका चटणी ढवळत होती. तिची पळी तीनदा थांबली. आज नको, उद्या सांगू, शांत झाले की सांगू. पण उद्यापर्यंत त्यांनी लग्नातली जुनी भांडणं उकरून काढली होती आणि परवापर्यंत एकमेकांच्या बापांवर पोहोचले होते. हिवाळ्यात त्स्वेतान स्पेनला संत्री तोडायला निघून गेला. दर नववर्षाला फोन यायचा, फक्त ताईला. “दाजी कसे आहेत” हे शब्द त्याने पंचवीस वर्षांत उच्चारले नाहीत. फोन ठेवल्यावर गिंका माझ्या कपाटाकडे बघायची. कपाटात मी काकडीच्या लोणच्याखाली होतो. बरणी गळकी होती. बाकी तुम्ही समजून घ्या.

यंदा त्स्वेतान कायमचा परत आला. दोन गल्ल्या सोडून राहिला, पण हा जिना चढेना. काल गिंकाने निरोप धाडला: तीस किलो मिरच्या आहेत, सोलायला हात नाहीत, दाजी मासे धरायला गेलेत, अंधार पडेस्तोवर येत नाहीत. तो आला. दोघं बहीणभाऊ मिरच्या सोलत बसले. आणि पाच वाजता दार उघडलं.

“मासे नाहीत,” वल्चो म्हणाला. मग त्याने पाहुणा पाहिला. “याला मिरचीला हात लावू दिलास? उद्या म्हणेल, वल्चोनेच खाल्ल्या.”

“ताई, मी निघतो.”

“बस खाली,” गिंका म्हणाली. “तूही बस. मासे आहेत की नाहीत ते नंतर.”

तिने कपाट उघडलं, मला बाहेर काढलं आणि सालींच्या मधोमध आपटलं. लोणच्याचं पाणी टेबलावर ओघळलं.

“कोंबडी मी मारली.”

भट्टीत एक मिरची जळत होती.

“कुठली कोंबडी?” वल्चोने विचारलं, पण त्याचा चेहरा पडला होता. त्याला चांगलं ठाऊक होतं.

गिंकाने सगळं सांगितलं. प्लग, यादी, तेलाचे हात. “म्हटलं, दोन दिवसांनी विसराल. माणसंच आहात, वाटलं.”

मित्रांनो, पंचवीस वर्षांत ज्या दोघांचं एका गोष्टीवर मत जुळलं नव्हतं, ते त्या क्षणी जुळलं.

“एकतिसावी लेव्हल होती, ताई!”

“एकतिसावी, गिंका! सांग ना तिला, त्स्वेतान!”

“सांगतोय ना, दाजी! चार राहिल्या होत्या!”

“चारच!”

गिंकाने दोघांकडे पाहिलं, डोळे पुसले आणि म्हणाली, “मग लावा की. रडताय काय?”

तो पेटाऱ्यासारखा टीव्ही ओढून आणला गेला. मला लावलं. रेघा. वल्चोने कॅसेट उपसली आणि फुंकली. लसूण तोच होता. दाढ आता नव्हती, तिच्या जागचं भोक होतं. त्स्वेतानने फुंकली: संत्र्यांच्या देशात राहूनही काही फरक नाही. रेघा तशाच. दोघांचे चेहरे उतरू लागले. आता मी सुरू झालो नाही तर हा माणूस उठेल, जिना उतरेल आणि पुन्हा चढणार नाही, हे मला दिसत होतं. गिंकालाही दिसत होतं. पण गंजलेल्या दातांनी मी काय करणार?

“सरका, मेल्यांनो,” ती म्हणाली. तिने फडक्याच्या टोकावर राकिया ओतली आणि कॅसेटचे दात एकेक करून पुसले. मग माझे.

पंचवीस वर्षांत मला कुणी पुसलं नव्हतं. मी लगेच सुरू झालो.

यादी आली. सातव्या खेळाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. रणगाडे, कोंबडी, पहिली लेव्हल. वल्चोची बोटं आता क्रेनच्या साखळीसारखी आखडली आहेत. दीड मिनिटात एक गोळी सुटली आणि कोंबडी मेली.

स्वयंपाकघर गारठलं.

“कुणी मारली?” त्स्वेतानने हळूच विचारलं.

वल्चोने तोंड उघडलं.

“मी मारली,” गिंका भट्टीपाशी पाठमोरीच म्हणाली. “खेळा पुढे.”

रात्रीच्या जेवणापर्यंत ते चौथ्या लेव्हलला होते. जाताना त्स्वेतान दारात थांबला. “उद्या येतो, दाजी. बंद करू नका.”

“शपथ?”

“शपथ.”

म्हणून मी टॉवेलखाली चालू आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. पुसा, फुंकू नका. तुमच्या तोंडात काय काय असतं, ते तुम्हाला माहीत नाही, आम्हाला माहीत आहे. तुमची आवड भिकार आहे आणि ती सुधारणार नाही, हेही मी आता मान्य केलं आहे. पण उरलेल्या दहा किलो मिरच्या आज सकाळीच भाजायच्या आहेत आणि गिंका आत्ता हातात वायर घेऊन माझ्याच दिशेने येते आहे. कुणी जवळपास असेल तर तिला एवढंच सांगा: खिडकीखाली आता दुसरंही भोक आहे, रिकामं.