मागच्या सीटची तक्रार नाही

मासिकाच्या कचेरीत तिला नावानं कुणी हाक मारत नसे. सात वर्षांची असल्यापासून ती तिथे 'मागची सीट' होती. आता अडतिसावं लागलं होतं, एका वाचनालयाची ती ग्रंथपाल होती, कानामागे पांढरे केस दिसू लागले होते, तरी दारावरचा शिपाई तिला पाहून सवयीनं आत ओरडलाच, "मागची सीट आलीये." मग तिच्या बाबांना जाऊन महिनाही झालेला नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि तो स्वच्छ असलेलं टेबल पुन्हा पुसायला लागला.

तिच्या पर्समध्ये अर्ध्या पानाचा मजकूर होता. वर लिहिलं होतं, 'दुरुस्ती'. तो छापून घेण्यासाठी ती आली होती.

बाबा या मासिकात एकतीस वर्षं गाड्यांची परीक्षणं लिहीत होते. नवी गाडी बाजारात आली की कंपनी ती आठ दिवसांसाठी त्यांच्या ताब्यात देई. इतर परीक्षक किल्ली घेतली की सुसाट सुटत. बाबा आधी बादली भरत. गाडी स्वतःच्या हातानं धुतल्याशिवाय ते तिच्यात बसत नसत. कुठला दरवाजा नीट बसलेला नाही, कुठं पत्रा पातळ आहे, ते डोळ्याआधी हाताला कळतं असं त्यांचं म्हणणं. मग चारही सीटांवर एकेक तास बसायचं, नुसतं, गाडी उभी असताना. शेजारी हसायचे. आई म्हणायची, "मुहूर्त मिळाला असता तर यांनी गाडीशीच लग्न केलं असतं."

आणि शेवटी घाट. शहराबाहेरच्या टेकडीवरून खाली येणारी अकरा वळणं. बाबा चालवणार, आई शेजारी, ती मागे. गिअरचा आधार न घेता, केवळ ब्रेकवर गाडी उतरवायची. पायथ्याशी थांबलं की बाबा उतरत आणि प्रत्येक चाकापाशी उकिडवे बसून वास घेत, दूध नासलंय का पाहावं तसे. मग मागच्या काचेवर टकटक. "मागची सीट, बोल."

ती जे बोलेल ते परीक्षणाची शेवटची ओळ व्हायची. "पुढं बसणारा गाडीच्या प्रेमात पडतो," बाबा म्हणत, "मागं बसणाऱ्याला तिच्याबरोबर संसार करावा लागतो. खरं काय ते त्यालाच विचारावं. माणसाचं तोंड गोड बोलतं, बूड कधी गोड बोलत नाही."

ती नऊ वर्षांची असताना एका फार महागड्या गाडीत तिला उलटी झाली. परीक्षणाचा शेवट होता : 'सातव्या वळणावर मागची सीट ओकून मोकळी झाली. मला वेगळं काही म्हणायचं नाही.' त्या कंपनीनं वर्षभर जाहिराती दिल्या नाहीत. संपादकांनी तो लेख कापून स्वतःच्या टेबलाच्या काचेखाली ठेवला होता.

ती काच अजून होती. लेख पिवळा पडून अर्धा तिच्या कडेखाली गेला होता. तिनं आपला कागद नेमका त्याच्यावर ठेवला.

संपादककाकांनी चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं. मग चष्मा काढून डोळे चोळले.

"हे काय आहे, बाळ?"

"जे आहे ते लिहिलंय, काका."

जे होतं ते असं. बाबांच्या आजाराचं औषध जबर होतं. चौथ्या डोसनंतर त्यांचं नाक गेलं. आमटी काय आणि फिनेल काय, सगळं सारखंच. मग पायाची बोटं बधिर झाली. चप्पल पायात आहे की नाही हे ते खाली बघून ठरवत. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण घरात दोघंच माणसं, लपणार किती. तरीही शेवटची म्हणून एक गाडी त्यांनी मागून घेतली. धुतली, म्हणजे पाणी तिनं ओतलं आणि त्यांनी हात फिरवला. घाटात चालवायलाही तेच बसले. नको म्हणायचं धैर्य तिला झालं नाही. शेजारच्या सीटवर पंचावन्न किलोचं वाळूचं पोतं पट्टा लावून बसवलेलं होतं. तीन वर्षांपूर्वी आई गेल्यापासून तिच्या जागी ते असे, कारण माणूस गेलं म्हणून गाडीवरचा भार बदलून चालत नाही. "ही मधे बोलत नाही एवढंच," बाबा म्हणाले होते.

आठव्या वळणापासून तिला वास आला. तापलेली इस्त्री कापडावर विसरावी तसा. गाडी प्रत्येक वळणाला आधीपेक्षा उशिरा थांबत होती आणि थांबताना दोनदा मान डोलावत होती. पुढे बाबांचा गुडघा खाली, आणखी खाली जात होता. बधिर पायाला ते कळत नव्हतं.

पायथ्याशी ते उतरले. बॉनेटला धरून धरून चारही चाकांपाशी बसले, वास घेतला. चेहरा राखेसारखा झाला होता, शर्ट पाठीला चिकटला होता. मग काचेवर टकटक.

"मागची सीट, बोल. वास?"

बाबांचा एक नियम होता. शंका आली की घाट तीनदा. "एकदा आलेला वास पाहुणा असू शकतो, तीनदा आला तर तो घरचा." ती हो म्हणाली असती तर ते पुन्हा वर गेले असते. पुन्हा खाली. पुन्हा वर.

"नाही," ती म्हणाली.

"नक्की?"

"नाही आला, बाबा. मस्त आहे गाडी. चला घरी."

त्यांनी मान हलवली. त्या रात्री परीक्षण सांगितलं, तिनं टाइप केलं. 'ब्रेकची खात्री देतो. मागच्या सीटची तक्रार नाही.' पूर्णविराम तिच्याच बोटानं पडला. "शेवटी एक बरी गाडी वाट्याला आली," बाबा म्हणाले. रोज सांगेन म्हणत तिनं रोज टाळलं; एके दिवशी ताप होता, एके दिवशी ते हसत होते. अंक छापून आला. सहा दिवस तो त्यांच्या उशाशी होता, मग ते गेले.

संपादकांनी कागदाची घडी घातली.

"अगं, एकतीस वर्षांत त्याची एक दुरुस्ती छापली नाही आपण. आता तो नसताना, शेवटच्याच लेखाखाली, 'चूक झाली' असं छापू?"

"त्यांनी स्वतः छापायला लावलं असतं."

"तो असता तर. पुरावा काय आहे तुझ्याकडे?"

"माझं नाक."

"नाक छापता येत नाही, बाळ."

पूर्वी येत होतं, असं तिच्या ओठांवर आलं. ती काचेकडे बघत राहिली. त्यांनीही पाहिलं आणि कोपर जरा पुढे सरकवलं.

माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिच्यासमोरच फोन करून नव्या परीक्षकाला ती गाडी पुन्हा चालवायला सांगितलं. हा नवा परीक्षक मोबाइलवर चित्रफिती टाकायचा. लाखभर लोक बघत. चार दिवसांनी त्याचा तिला फोन आला. आवाजात दिलगिरी होती. "ताई, मला तर काहीच जाणवलं नाही. लोण्यासारखी थांबते."

"घाट उतरलात?"

"उतारावर कॅमेरा फार हलतो, ताई."

"मागे कोण बसलं होतं?"

"मागे लाइट ठेवले होते."

आता एकच जागा उरली होती. बाबा गेल्यावर आलेल्या पत्रांत एक त्यांच्याच नावानं होतं. लिहिणाऱ्याला बातमी कळली नव्हती. एक निवृत्त घड्याळजी. अक्षर मोहरीसारखं बारीक आणि गोल. 'वीस वर्षं आपला वाचक आहे. गाडी घेण्याची ऐपत आता झाली. आपल्या मागच्या सीटची तक्रार नाही हे वाचलं आणि त्याच दुपारी नोंदणी केली. नातवंडांना शाळेत नेण्याआणण्याची सोय झाली. आपले उपकार.' पत्ता टेकडीवरचा होता. शाळा पायथ्याशी.

रविवारी ती बसनं वर गेली. घड्याळजी उंच, वाकलेले, एक डोळा कायम थोडा मिटलेला, भिंग लावून लावून. बाबा गेल्याचं ऐकून ते उठले. मग आतून एक फाइल घेऊन आले. वीस वर्षांची कात्रणं, एकही कोपरा दुमडलेला नाही.

"माणूस असा पाहिला नाही," ते म्हणाले. "गाडीचा वेग सगळे सांगतात. हा मागं बसणाऱ्याला विचारायचा. मी ठरवलं होतं, घेईन तर याच्या शब्दावर घेईन."

"त्या मागच्या सीटबद्दलच बोलायला आलेय," ती म्हणाली. आणि तिनं सांगितलं. काही लपवलं नाही, आवाज चढवला नाही, वाचनालयात उशिरा आलेल्या पुस्तकाबद्दल बोलावं तसं सांगितलं. वास, वळणं, गुडघा, तीनदाचा नियम.

घड्याळजींनी सगळं ऐकून घेतलं. मग भांड्यातलं पाणी तिच्यापुढं सरकवलं.

"माझे वडील गेले तेव्हा," ते म्हणाले, "मला वर्षभर वाटायचं, मी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं असतं तर वाचले असते. बायको म्हणायची, अहो, त्यांचं काळीज थांबलं, तुमचं घड्याळ नाही. होतं असं पोरी. माणूस गेलं की आपण आपल्यालाच आरोपी करतो."

"हे तसं नाही. ब्रेक खोल जातो की नाही?"

"जातो थोडा. सवयीनं जमतं. प्रत्येक घड्याळाची चावी वेगळ्या हाताची असते. कंपनीच्या कारखान्यात दाखवली परवा, सगळं ठीक म्हणाले, शिक्का दिला."

"त्यांनी घाटात नेली नसेल."

"त्यांनी नसेल. तुझ्या बाबांनी तर नेली होती ना?"

ती उठली. त्यांनी तिला थांब्यापर्यंत सोडतो म्हटलं. खालचा थांबा बरा, वर बस कधी येते कधी नाही. गाडीपाशी त्यांनी पुढचं दार उघडलं, पण ती सवयीनं मागे जाऊन बसली. सीटवर एक छोटी पाण्याची बाटली होती आणि बिस्किटाचा चुरा. काचेवर एवढासा हाताचा ठसा.

घड्याळजी सावकाश, नेटकं चालवत होते. पहिलं वळण, दुसरं. तिचा उजवा पाय आपोआप चटईवर दाबला जात होता. ती मोजत होती. नवव्या वळणाला गाडीनं दोनदा मान डोलावली.

"वास येतोय," ती म्हणाली.

त्यांनी आरशात तिच्याकडे पाहिलं, नाक वर करून हुंगलं. "येतोय की. नव्या गाडीचा आहे तो. तुझ्या बाबांनीच लिहिलंय, सहा वर्षांपूर्वी, एप्रिलच्या अंकात. नव्या गाडीच्या पत्र्यावरचं तेल तापलं की पहिले दोन महिने वास येतो, घाबरू नये. कात्रण आहे माझ्याकडे."

ते बाबांनी खरंच लिहिलं होतं. टाइप तिनंच केलं होतं. ते दुसऱ्याच वासाबद्दल होतं. तो गोड असतो, तेलकट. पण कागदाला वास नसतो.

"काका, मागची सीट मीच आहे," ती म्हणाली. "सात वर्षांची होते तेव्हापासून. त्या ओळी माझ्या आहेत."

"माहीत आहे," घड्याळजी मायेनं म्हणाले. "म्हणून तर विश्वास ठेवला."

पायथ्याशी गाडी थांब्याच्या जरा पुढे जाऊन उभी राहिली. ती उतरली. पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली आणि तिनं चेहरा जवळ नेला. गालाला धग लागली. वास तोच, जरासा जास्त कडक. डोळ्यांना पाणी आलं. घड्याळजींनी पाहिलं, आणि रडणाऱ्या माणसाला मोकळं सोडावं तसे तोंड फिरवून शाळेच्या फाटकाकडे बघत उभे राहिले. थोड्या वेळानं त्यांनी न बघताच रुमाल पुढे केला.

"उतरताना खालचा गिअर ठेवा," ती उठत म्हणाली. "एकट्या ब्रेकवर सोडू नका. एवढं तरी ऐका."

"ठेवीन, ठेवीन," ते म्हणाले. पडलेल्या लेकराला 'त्या दगडाला आपण मारू हं' म्हणतात त्या आवाजात. "तू जेव नीट. फार वाळलीस."

रुमाल तिच्याच हातात राहिला. गाडी वळली आणि घाट चढू लागली. चढाला ती सुरेख चढत होती, आवाज नाही, थरथर नाही. बाबांनी तेही लिहिलं होतं आणि ते खरं होतं. मागची काच दिसेनाशी होईपर्यंत ती बघत राहिली. उद्या सोमवार होता, शाळा साडेसातची.