वळती वीण

पिवळ्या पट्टीवरच्या छापील ओळीतलं ‘जपून’ तेवढं उरलं होतं, पुढचं कात्रीत गेलेलं. आणि तिचा अंगठा मघापासून त्या एकाच शब्दावरून पुढेमागे फिरत होता. खोक्यांना आवळलेल्या या प्लॅस्टिकच्या पट्ट्या दुकानदार कापून फेकतात. फेकलेल्या त्या या घरात येतात, त्यांच्या पिशव्या होतात, टोपल्या होतात — आणि आता कोट होणार होते. डिझायनर बाई पहिला कोट घेऊनच आल्या होत्या. खिडकीशी टांगला होता तो. काळा, पाठीवर पिवळी वीण वळत वळत कमरेपर्यंत उतरलेली. वीण तिच्याच हातची, पण अशी टांगलेली पाहिल्यावर वाटत होतं, कुणीतरी पाठ फिरवून उभं आहे... तिनं नजर काढून घेतली.

“मावशी, कॅमेऱ्याकडे नका बघू, माझ्याशी बोला,” बाई म्हणाल्या. “ही वळती वीण तुमच्या घरात कशी आली? पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय, असं दादा म्हणाले. तेच तुमच्या शब्दांत सांगा.”

दादा, तिचा थोरला भाऊ, कडक इस्त्रीचा सदरा घालून दारात उभा होता. त्यानं मान हलवली — सांग, सांग.

“आईकडून आली,” ती म्हणाली. “आईला तिच्या आईकडून.”

कुठे अडलं नाही, अडखळलं नाही. वाक्य कसं गुळगुळीत बाहेर पडलं, आणि त्या गुळगुळीतपणाचीच तिला धास्ती वाटली.

आई विणायची ते सरळ. उभी-आडवी, उभी-आडवी, चटईसारखं. वळण आणलं ते वहिनीनं, दादाच्या बायकोनं. मागच्या पायरीवर बसलेली वहिनी... काळी पट्टी संपलेली, टोपल्या दुसऱ्याच दिवशी द्यायच्या, आणि तिनं सहज म्हणून पिवळी घेऊन एक घर सोडलं, मग दोन सोडली, मग पुन्हा एक — “वन्सं, बघा ना, वळली ही!” — आणि लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या. चार दिवस तिच्या मांडीला मांडी लावून बसल्यावर ते हिच्या बोटांना उमगलं. हो, बोटांनाच, डोक्याला अजूनही सांगता येणार नाही.

पुढच्या वर्षी वहिनी घर सोडून गेली. दादाचा हात तिच्यावर उठायचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. भर दुपारी पिशवी घेऊन ती निघाली तेव्हा दारात मी उभी होते — मी! — आणि मी केलं काय, तर अंग चोरून तिला वाट दिली. ‘थांबा’ नाही, ‘कुठे निघालात’ नाही. उलट मनात आलं... हे कुणाला सांगायचं?... मनात आलं, की आता ही वीण येणारी घरात मी एकटीच.

नंतर गिऱ्हाइकं म्हणू लागली, आईचा हात उतरलाय हो पोरीत. ती हसायची. हसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे.

“मावशी, ट्रक गेला बघा, नेमका आवाज आला त्यात. पुन्हा एकदा?”

ती उठली, पाणी प्यायली, स्वच्छच असलेले हात धुतले, येऊन बसली. पदर नीट केला, पुन्हा उठू लागली.

“किती उठबस करतेस?” दादा म्हणाला. “दोन शब्द तर बोलायचेत.”

‘आईकडून’ म्हणायलाच तिनं तोंड उघडलं होतं.

“माझ्या वहिनीनं काढली ही वीण. तिच्याआधी कुणाला येत नव्हती.”

“काहीतरीच बोलते!” दादा बाईंकडे बघून हसला. “अहो, विसरायला होतं तिला हल्ली.”

“विसरले असते तर बरं झालं असतं.”

हसू त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर तसंच राहून गेलं. मग चपला फरफटवत तो अंगणात गेला.

बाई कोटाच्या गळ्याशी लटकणारं कार्ड बोटांत फिरवत राहिल्या. आईकडून लेकीकडे, शतकांचा वारसा — अशी हजार कार्डं छापून झाली होती. आता या चिडतील, तिला वाटलं. चिडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. पण त्यांनी कार्ड सोडलं आणि हळूच विचारलं, “कुठे असतात वहिनी आता?”

बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. तिनं स्वतःलाही नाही... खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात. हलकं कुठलं!

“माहीत नाही,” ती म्हणाली.

कॅमेरा चालूच होता. हे लोकांना दाखवतील, कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी घरात वहिनीही बघेल — बघावं तिनं, असं वाटलं आणि त्याच श्वासात, बघू नये. वीण ती पहिल्या नजरेत ओळखेल. पण मग माझ्या तोंडाकडे बघेल, आणि ते दारातलं सांगतंय का, याची वाट बघत बसेल... पुन्हा उठावं, पाणी प्यावं, हात धुवावेत, असं अनावर वाटत असतानाही ती जागेवरून हलली नाही. आणि बाईंनी काही विचारलेलं नसताना, त्या दुपारचं सगळं तिच्या ओठांशी येऊन थांबलं.