बारा जणींची कार्डं सांभाळणारा डबा

कुलपाची कडी शोधू नका, ती आता काढून टाकली आहे. मी आंधळगावच्या सत्यभामाबाईंचा पितळी डबा. टिचकी मारली तर अजूनही खणखणीत बोलतो, आणि आज तर मला बोलायचंच आहे.

माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या एका कारागिराने पितळेचा पत्रा ठोकून ठोकून मला घडवलं. त्या ठोक्यांच्या खुणा माझ्या पोटावर अजून आहेत. करडीच्या गोमाजींनी लेकीच्या लग्नात आंदण म्हणून मला घेतलं. लेक म्हणजे आमच्या सत्यभामाबाई. आंधळगावी आल्यावर माझ्यात आधी लाडू राहिले, मग बाळंतपणाचा डिंक, मग नुसतीच सुपारी. डबा दिसला की कितीही मोठा माणूस आत डोकावतोच, आणि खायचं काही नसलं की माझ्यावरच रागावतो.

मुलाचं लग्न झालं तेव्हा बाईंनी सून डिंपलला हाताशी धरून जेवणाची कामं घ्यायला सुरुवात केली. ‘सत्यभामा भोजन सेवा’ असा बोर्डही लागला. लग्नं, बारशी आणि भंडाऱ्याच्या एका नर्सिंग कॉलेजचं रोजचं जेवण. हाताखाली गावातल्या बारा बाया. त्यांतली रंजू सगळ्यांत हुशार. तिच्या हातची पातोडी, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा झणझणीत रस्सा, खाल्ली की वऱ्हाडी स्वयंपाकघरापर्यंत विचारायला येत.

एका पावसाळ्यात रंजूच्या घराची भिंत खचली. आधार कार्ड चिखलात गेलं. नवीन काढायला तिला तालुक्याला, मोहाडीला, चार चकरा पडल्या. बाईंचा जीव हळहळला. त्या सगळ्यांना म्हणाल्या, “आना वं बायांनो तुमचे कार्डं. माह्या डब्यात ठेवतो. हरपनार नाई, भिजनार नाई.”

खरं सांगतो, मी फुशारून गेलो. बारा कार्डं, बारा चेहरे. त्या फोटोंत एकही बाई हसत नाही. बाराजणींतल्या सातजणींचा जन्म एक जानेवारीचा, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना तीच तारीख सोपी वाटली असणार. रंजूचा शाळेचा दाखलाही माझ्याच पोटात होता. बाईंनी मला कुलूप लावलं आणि चाबी कमरेच्या जुडग्यात अडकवली.

पण सवय कधी लागते ते कळत नाही. पुढे एखादी बाई सोडून गेली आणि नवी आली, की बाई आधी कार्ड मागू लागल्या आणि मग चहा. घरची भिंत पक्की असली तरी कार्ड माझ्यातच. कोणी मागितलंच तर ‘कायले पाहिजे’ हे आधी सांगावं लागे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझ्यामुळेच या बाया रोज सकाळी कामावर येतात, अशी माझी समजूत होती.

यंदा लग्नसराईच्या तोंडावर, एका मोठ्या लग्नाच्या जेवणाचं काम हातात असताना, रंजू बाईंपुढे येऊन उभी राहिली.

“काकू, माहा दाखला अन् कार्ड पाहिजे होतं.”

“कायले वं?”

“लाखनीच्या होस्टेलात स्वयंपाकिनीची जागा निंगाली. कायमची हाये. शुक्रवारी ओरिजनल कागद घेऊन बोलावलं.”

बाईंचा कणकेतला हात थांबला. “एवढं लगन होऊ दे. मंग देतो.”

रंजू मान हलवून गेली. दोन दिवसांनी तिने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा ती बोललीच नाही, नुसती माझ्याकडे पाहून कांदे चिरायला बसली. मन दुखावलं तरी काकूंना उलट बोलायचं नाही, अशी ती बाई. मला तिची कीव आली, पण कुलूप काही मला आतून काढता येत नव्हतं.

बुधवारी नर्सिंग कॉलेजकडून, जेवण पुरवणाऱ्यांनी भरून द्यायचा, एक फॉर्म आला. डिंपलने तो सासूला वाचून दाखवला. कामगार मनात येईल तेव्हा काम सोडून जाऊ शकतात का? त्यांची मूळ कागदपत्रं कोण ठेवतं? तुम्ही ज्यांच्याकडून माल घेता, त्यांच्याकडे काय रीत आहे?

माल म्हणजे तांदूळ. तो ज्या राईस मिलमधून येतो तिथे बालाघाटकडच्या बाया कामाला आहेत. आदल्या आठवड्यात त्यांतलीच एक बाईंपुढे रडली होती. बाप अंथरुणाला खिळलेला, पण कार्ड ठेकेदाराजवळ, मग गावी जाणार कशी? फॉर्म ऐकताना ते आठवून बाई भडकल्या. मिलवर बायाही पुरवणाऱ्या आणि तांदूळही पोचवणाऱ्या ठेकेदार कैलाशला निरोप गेला.

गुरुवारी दुपारी कैलाश तांदळाचा नमुना घेऊन आला. अंगणात रंजू कांदे चिरत होती. डिंपल फॉर्म आणि पेन घेऊन बसली होती.

“आधी त्या पोरीईचे कार्डं वापस दे,” बाई म्हणाल्या. “नाई तं तुहा तांदूळ नको मले.”

कैलाश गांगरला. “मी कोनाले मारत नाई, उपाशी ठेवत नाई, काकू. कार्डं सांभाळून ठेवतो फक्त. हरपते त्याईच्याकून.”

“कोनं सांगतलं तुले सांभाळाले?”

“तुमीच त,” तो अगदी सरळ मनाने म्हणाला. “तांदूळ टाकाले येतो तवा हा डबा पाह्यला. मले पटलं. मंग मीनं बी तसाच डबा घेतला.”

रंजूची सुरी थांबली. बाई माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मला आयुष्यात पहिल्यांदा माझ्या चकाकीची लाज वाटली.

बाई उठल्या. जुडगा काढला. कुलूप उघडलं. सगळ्यांत आधी त्यांनी रंजूचा दाखला आणि कार्ड काढलं आणि पदराने पुसून तिच्या ओंजळीत ठेवलं.

“चुकलं माहं, बाई. तू जाशीन म्हनून भेव वाटे मले.”

रंजूचे डोळे भरले. कांद्याचं निमित्त होतंच. “अन् लगनाचं काय, काकू?”

“लगन मी पाहीन. तू उद्या लाखनीले जाय.”

संध्याकाळपर्यंत सगळी कार्डं जिची तिला गेली, प्रत्येकीला एक प्लास्टिकची पिशवीही मिळाली. दोघी-तिघी म्हणाल्या, राहू द्या काकू, तुमच्याकडेच बरं. बाईंनी ऐकलं नाही. कैलाशला त्यांनी एवढंच सांगितलं, “मी माहा डबा उघडला. आता तू तुहा उघड, मंग तांदूळ आन.” त्याने आठ दिवस घेतले, पण उघडला. ती बालाघाटची पोर बापाला भेटायला गेली, एवढं डिंपल स्वतः मिलवर जाऊन पाहून आली आणि मगच तिने फॉर्मवर सही केली.

पण मला सांगायची आहे ती कार्डं दिल्याच्या दुसऱ्याच दिवशीची, शुक्रवारची सकाळ. मी फळीवर रिकामा पडलो होतो. बाई पहाटेपासून दारात उभ्या होत्या. चूल पेटवायचंही त्यांना सुचत नव्हतं. आता कोण कशाला येईल, हीच धास्ती त्यांनाही होती आणि मलाही.

आधी एक आली. मग दोघी बोलत बोलत आल्या. ऊन अंगणात उतरेपर्यंत लाखनीला गेलेली रंजू सोडून अकराही जणी आल्या आणि नेहमीसारखं विळ्या घेऊन बसल्या. बाई आत आल्या, माझ्यावर हात टेकला आणि रडल्या.

रंजूला ती नोकरी लागली; आता माझ्यात तिने लाखनीहून आणलेले लाडू असतात. येईल ती बाई झाकण काढते, एक उचलते, आणि कोणाला विचारत नाही. तुमच्याही घरात, दुकानात एखादा डबा असेल. तो एकदा उघडून पाहा, आत दुसऱ्या कोणाचं काही राहून गेलं आहे का.