वरच्या उतारावरचे सांधे

रात्रभर घोंघावलेलं वादळ सकाळी ओसरलं आणि ऊन पडताच लेबेलांच्या मेपलच्या रानात रस सुटला. हंगामातला पहिला चांगला दिवस. खाली रस आटवून पाक करायच्या गुऱ्हाळात नोएला भट्टीत लाकडं सारत होती आणि मधूनमधून भिंतीवरच्या काट्याकडे नजर टाकत होती. रानातल्या झाडाझाडाला बारीक नळी, बारीक नळ्या मिळून जाड काळी नळी, आणि त्या जाड नळीतून रस ओढून घेणारा पंप. कुठे एखादा सांधा निसटला की नळी हवा गिळते, ओढ मरते आणि काटा खाली येतो. आत्ता तो खालीच आला होता.

"वरचा उतार," नोएला म्हणाली. "फांदी पडली असणार. क्लोविस येईपर्यंत थांबतेस का? गावातून जेवणाच्या वेळेपर्यंत येईल." क्लोविस म्हणजे नोएलाचा नवरा.

"तोवर निम्मा रस जमिनीत जाईल," ओडिल म्हणाली. ती आधीच बूट चढवत होती.

वरच्या उताराला ओडिल आपण होऊन जात नसे. तिथे पंपाची खोपी होती आणि तीन हिवाळ्यांपूर्वी त्या खोपीत तिचा नवरा रोझेर मेला होता. रोझेर म्हणजे नोएलाचा धाकटा भाऊ. माणूस हौशी, हसरा, पण धीर म्हणून कशाचा नाही. थंडीत नळी लाकडासारखी ताठ होते, तिच्यात दोन टोकं जोडणारं कपलिंग बसवायचं तर टोक तापवून मऊ करावं लागतं. ओडिल ते गरम पाण्यात बुडवून करायची. तिच्या बापाची ती पद्धत. पाण्यात नळी सगळीकडून सारखी तापते, जळत नाही, धूर नाही. रोझेरला तेवढा दम कुठला? तो खिशातून गॅसचा बर्नर काढायचा आणि नळीला ज्योत लावायचा. "तुझं पाणी तापेस्तोवर माझ्या दाढीला बर्फ लागतो," म्हणायचा. वरून नळी करपे, आतून थंडच राही, आणि करपलेल्या बाजूला जिभेच्या आकाराचा तपकिरी, चकाकता डाग उठे. तो डाग बघितला की रानात कुणीही सांगे, हा रोझेरचा सांधा. यावरून दोघांची भांडणं झाली. मग एक दिवस तो खोपीत भिंतीला टेकून बसलेला सापडला. मांडीवर नळी, शेजारी बर्नर. दार लावलेलं. बंद खोलीत धूर कोंडला, असं सगळे म्हणाले. ओडिलही तेच म्हणाली आणि आतून त्याच्यावर चिडूनच राहिली. रडली त्याहून जास्त चिडली.

तिने मोठा थर्मास उकळत्या पाण्याने भरला, पाठपिशवीत कपलिंगं, कातर आणि जाड रबरी हातमोजे टाकले, बर्फात चालायच्या जाळीच्या वहाणा बांधल्या आणि वॉकीटॉकी कोटाला अडकवून निघाली.

ताज्या बर्फावर कसलीच खूण नव्हती. सशाचीसुद्धा नाही. झाडांच्या सावल्या निळ्या पडल्या होत्या. जाड नळीच्या कडेकडेने ती चढत होती आणि कान नळीकडे होता. फुटलेली नळी फुसफुसते, ते लांबून ऐकू येतं. ते ऐकूही आलं, वळणाच्या पलीकडून. आणि ती वळणाशी पोचायच्या आत थांबलं.

"शाबास," वॉकीटॉकीतून नोएला बोलली. "काटा चढला. आज पंख फुटलेत वाटतं."

"मी अजून पोचलेच नाहीये."

"मग कोण, तुझं भूत गेलं पुढे?"

"गोठलं असेल टोक. बघते."

वळणापलीकडे फांदी पडलेली होती, चांगली मांडीएवढी. तिच्याखाली नळी तुटली असणार हे उघड होतं. कारण तिथे आता नवा सांधा होता. ओडिलने हातमोजा काढून बोट लावलं. सांधा गरम होता. नळी मऊ होती, नुकतीच हातातून ठेवल्यासारखी. एका बाजूला जिभेच्या आकाराचा तपकिरी डाग, आणि हवेत करपलेल्या प्लॅस्टिकचा वास.

तिने आजूबाजूला पाहिलं. बर्फ कोरा होता. तिच्या स्वतःच्या वहाणांच्या खुणा तेवढ्या खालून वर आलेल्या.

"ओडिल? काय झालं?"

"काही नाही. क्लोविस गावातच गेलाय ना?"

"सकाळी गाडी घेऊन गेला, तुझ्यादेखत. का गं?"

ओडिलने डागावरून बोट फिरवलं. तिला भीतीच्या आधी राग आला, तोच जुना. मेल्यावरसुद्धा हा माणूस शहाणा होत नाही. तिने कातर काढली आणि तो सांधा दोन्हीकडून कापून टाकला. नळी सुस्कारली.

"अगं, काटा पडला," नोएला ओरडली.

"माहितेय. नीट करते."

तिने थर्मासच्या झाकणात पाणी ओतलं. वाफ तोंडावर येऊ नये म्हणून मान वळवली आणि नळीचं टोक पाण्यात धरलं. चिमटीत दबायला लागल्यावर कपलिंग सरळ आत रेटलं, मग दुसरं टोक. गार होईपर्यंत दोन्ही हातांनी आवळून धरलं. तेवढ्यात तिच्या मागे अगदी जवळ कुणीतरी नाकाने जोरात श्वास सोडला. वाट बघून कंटाळलेला माणूस सोडतो तसा. तिने मागे वळून बघितलं नाही. सांधा गार झाल्यावरच वळली. मागे झाडं होती आणि ऊन होतं.

"आता परत ये," नोएला म्हणाली. "काटा छान आहे. सूप झालंय."

"पुढचं बघून येते."

"पुढे काय बघायचंय? सगळं ठीक आहे म्हणतेय ना मी."

पण ओडिलला आता परतायचं नव्हतं. ती चढत राहिली. पुढच्या टेकाडाशी पुन्हा तेच घडलं. फुसफुस, मग शांतता, मग गरम सांधा, डाग, कोरा बर्फ. तिने तोही कापला. तिसराही कापला. थर्मासमधलं पाणी संपत आलं. वास मात्र दाट होत गेला. चौथा सांधा खोपीच्या अगदी समोर होता. त्यातून अजून बारीक धूर निघत होता आणि प्लॅस्टिक तिच्या डोळ्यांदेखत हळूहळू घट्ट होत होतं.

"रोझेर," ती म्हणाली, "पुरे आता."

खोपीतून इंजिनाची घरघर येत होती. वर वीज नाही, म्हणून पंपाला पेट्रोलचं इंजिन होतं. सकाळी गारठा उतरला की ते आपोआप सुरू व्हायचं. पेट्रोल भरायला क्लोविसच यायचा. तीन हिवाळे ओडिलने या दाराला हात लावला नव्हता. आज तिला वाटलं, जे काय आहे ते आत आहे. ती दार ढकलून आत गेली. स्प्रिंगचं दार तिच्यामागे आपसूक मिटलं.

आत कुणी नव्हतं. ऊब होती, छान ऊब, आणि इंजिन एकसुरी घुमत होतं. पंपाच्या तोंडाला हाताच्या मनगटाएवढी जाड नळी बसवलेली, त्यावर पोलादी पट्टा स्क्रूने आवळलेला. तिथेही तो डाग होता, पण हा जुना, धूळ बसलेला. म्हणजे हा त्याने जिवंतपणी केला होता. ती बाकावर बसली. आता हाही कापावा, की राहू द्यावा, असं काहीतरी ती ठरवत होती. पण विचार हातातून निसटत होते. डोकं जड झालं. इतके दिवस आपण इथे का आलो नाही, किती बरं वाटतंय इथे, असं तिच्या मनात आलं. तिने भिंतीला पाठ टेकली. वॉकीटॉकीतून नोएला काहीतरी विचारत होती, पण ती फार लांब होती, एखाद्या लग्नाच्या गर्दीत असल्यासारखी.

तेव्हा किंकाळी फुटली. माणसाची नव्हे, नळीची. पंपाच्या तोंडावरून ती जाड नळी सुटली होती आणि पंप उघड्या तोंडाने हवा ओढत किंचाळत होता. खोपी थरथरली. ओडिलने डोळे उघडले. बसलेल्या जागेवरून तिला उठता येईना. पाय तिचे नव्हतेच. ती बाकावरून खाली घसरली आणि कोपरांवर रांगत दाराकडे गेली. दार जड होतं. तिने डोकं लावून ते ढकललं आणि बर्फात पालथी पडली.

तिथे ती ओकली. मग उताणी होऊन नुसता श्वास घेत राहिली. बऱ्याच वेळाने मान वळवली तेव्हा खोपीच्या मागच्या बाजूला छपरावरून घसरलेला बर्फाचा ढीग दिसला. इंजिनाच्या धुराचं नळकांडं तिथूनच बाहेर पडायचं. ते बर्फाखाली पुरतं गाडलं गेलं होतं.

काटा पडला आणि ओडिल बोलेना, म्हणून गावातून परतलेला क्लोविस बर्फावर धावणारी स्नोमोबिल घेऊन वर आला तेव्हा ती उठून बसली होती. मागे नोएला होती, स्वयंपाकाचा एप्रन तसाच. क्लोविसने तोंडाला मफलर दाबून इंजिन बंद केलं, दार सताड उघडं ठेवलं आणि फावड्याने नळकांडं मोकळं केलं. ते करता करता तो थांबला.

"हे असंच झालं असेल तेव्हाही," तो हळू आवाजात म्हणाला. "त्या दिवशीही रात्रभर बर्फ पडला होता. आम्ही बर्नर बघितला आणि पुढे काही बघितलंच नाही."

वास गेल्यावर तो पुन्हा आत गेला आणि पोलादी पट्टा घेऊन बाहेर आला.

"हा तू काढलास?"

"नाही."

"बाकावर होता. तू बसली होतीस त्याच्या टोकाला. स्क्रू शेवटपर्यंत उलगडलेला. हे हाताने होत नाही ओडिल, याला पेचकस लागतो."

ओडिलने मान हलवली. तिच्या पिशवीत पेचकस नव्हता.

खाली गुऱ्हाळात नोएलाने तिच्या पुढ्यात वाटाण्याचं सूप ठेवलं आणि समोर बसली. ओडिलने तिला सगळं सांगितलं. गरम सांधे, कोरा बर्फ, मागचा श्वास. नोएला हसली नाही. तिने दोनदा छातीवर क्रूसाची खूण केली.

"मी तुला दर वेळी परत ये म्हणत होते," ती म्हणाली. "काटा चढला, परत ये. आणि तू कापत होतीस. अगं वेडे, तो तुझं काम करत नव्हता. तुला वर यायचं कारणच उरू देत नव्हता."

"मला वाटलं, तो मला बोलावतोय."

"तुम्हा दोघांना एकमेकांचं कधी कळलंय?"

ओडिल रडली, त्या तीन हिवाळ्यांत रडली नव्हती तितकी. सूप गार झालं. नोएलाने ते पुन्हा भट्टीवर ठेवलं.

त्या आठवड्यात क्लोविसने धुराचं नळकांडं छपराहून उंच नेलं आणि दाराची स्प्रिंग काढून फेकली. आत विषारी धूर ओळखणारी घंटा बसवली. पाक भरपूर निघाला. वरच्या उताराला आता ओडिल स्वतः जाते, आठवड्यातून एकदा तरी. तिथे गरम सांधा तिला पुन्हा दिसला नाही, करपल्याचा वासही आला नाही. सुरुवातीला ती वळणाशी थांबून कान द्यायची. मग ते सुटलं.

खोपीसमोरचा तो चौथा सांधा मात्र तिने कापला नव्हता. एप्रिलच्या शेवटच्या थंडीत तो डागाच्या कडेने तडकला, ज्योतीचे सांधे तडकतातच. ओडिल थर्मास घेऊन वर गेली. पाण्यात टोक धरून, मऊ झाल्यावर कपलिंग बसवलं आणि गार होईपर्यंत धरून उभी राहिली. घाई नव्हती. तडकलेला तुकडा तिने बर्फातून उचलला, कोटाच्या खिशात टाकला आणि उतरायला लागली.