खटका लावलेला होता

मित्रांनो, मी फिनलंडमधली एक जुनी शिकारी रायफल आहे. अक्रोडाचा दस्ता, निळसर पोलादाची नळी आणि चापाच्या मागे एक छोटा खटका. तो लावला की चाप दाबला तरी गोळी सुटत नाही, असं मला घडवणाऱ्या कारागिरानं सांगितलं होतं. मला मात्र पुढे त्याची शंका येऊ लागली.

माझा मालक ओइवा. दर ऑक्टोबरात गावची टोळी मूस हरणाच्या शिकारीला निघे. "ओइवाची बंदूक म्हणजे घड्याळ, कधी चुकत नाही!" असं लोक म्हणत. घरी आल्यावर तो माझी नळी चकचकीत पुसायचा. चापाच्या आतलं तेल मात्र कधीच कुणी बदललं नाही. ते घट्ट होत गेलं. आत काहीतरी चिकटतंय, हे मला जाणवायचं, पण सांगणार कुणाला?

एका वर्षी ओइवाचा खांदा दुखावला, म्हणून त्यानं मला धाकट्या भावाच्या, तुउरेच्या हाती दिलं. खटका सोडल्याशिवाय माझी काडतुसं निघत नाहीत, म्हणून दाट झुडपांतून बाहेर पडल्यावर तुउरेनं तो सोडला, आणि मी धडाडले. समोर ओइवाची कुत्री हाल्ला होती. ती पुन्हा उठली नाही.

"दादा, शप्पथ, चापाला बोट लावलं नव्हतं रे!" तुउरे म्हणाला.

"मग काय बंदुकीला भूत लागलं? चूक केलीस ती केलीस, वर खोटं तरी बोलू नकोस!"

सात वर्षं दोघे बोलले नाहीत. शनिवारी सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, बाकावर तुउरेची जागा रिकामी असे. ओइवानं भावावर संशय घेतला, माझ्यावर एकदाही नाही.

मग साइमी टोळीची प्रमुख झाली. साठीची बाई, भलती संशयी; हाल्ला गेली त्या दिवशीही ती टोळीत होती. त्या वर्षीच्या शिकारीत एका दुपारी शेकोटीपाशी तिनं ओइवाला अडवलं.

"भरलेली आहे?"

"खटका लावलाय की!"

"खटक्याचं कौतुक मला नको सांगूस. नळी त्या वाळूच्या टेकाडाकडे कर आणि काडतुसं काढ."

पुटपुटत ओइवानं मला वळवलं. खटका सोडला. धाड! वाळू उडाली. त्याची बोटं चापापासून लांब होती.

"मी... चापाला हातच लावला नाही," तो म्हणाला.

"हे वाक्य मी आधी एकदा ऐकलंय, ओइवा," साइमी म्हणाली.

तिनं मला रिकामं केलं. खटका लावून चाप दाबला, सोडून दिला, मग नुसता खटका सोडला. कट्! तीनदा तसंच झालं. दुरुस्ती करणाऱ्यानं मला उघडलं तेव्हा आत डांबरासारखं तेल निघालं. फांदी अडकून किंवा धक्का लागून चाप एकदा मागे गेला की तो तिथेच चिकटून राहत होता.

ओइवा तडक तुउरेकडे गेला. सगळं ऐकून तुउरेनं कॉफी ओतली.

"हाल्ला गेली तेव्हा मीही रडलो होतो, दादा. तू बघितलं नाहीस."

ओइवानं मान खाली घातली.

मित्रांनो, आता मी दुरुस्त झाले आहे. तरीही खटक्यावर विसंबू नका. काडतुसं काढा, नळी सगळ्यांपासून दूर ठेवा, मला आतूनही साफ करा. आणि एखादा माणूस कळवळून "मी नाही केलं" म्हणत असेल, तर त्याला खोटं ठरवण्याआधी एकदा मला उघडून बघा.