आखूड पायाचं पान

मामा बूट बनवायचा, पण साधे नाहीत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच आत वळलेली, अशा माणसांसाठी. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक बसायचं, मागच्या खोलीत कातडं, लाकडी साचे आणि शिवणयंत्र. खिडकीशेजारी एक लांबट कपाट होतं. पस्तीस वर्षांत आलेल्या प्रत्येकाची पावलं कागदावर ठेवून, भोवती पेन्सिल फिरवून मामानं ते कागद त्यात जपले होते. नावं तो विसरायचा, पावलं नाही.

त्याच्याकडे माणसं पाठवणारे हाडांचे डॉक्टर निवृत्त झाले आणि वर्षभरात गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. मामी म्हणाली, घरची भाची गिऱ्हाईक मिळवून देण्याच्याच कामात असताना हातावर हात धरून कशाला बसायचं? भाचीची नोकरीच ती होती. लोक इंटरनेटवर काही शोधतात तेव्हा ठरावीक कंपन्यांच्या वेबसाइट वर दिसाव्यात म्हणून एक अख्खं ऑफिस झटायचं, आणि ती तिथं चार वर्षं मुरली होती.

तिनं मामाची वेबसाइट बनवली. फोटो झकास आले. पण 'खास बूट' असं शोधलं की ती चौदाव्या पानावर सापडायची. तिथपर्यंत जातंय कोण? मामीनं तर तिसऱ्याच पानावर चष्मा काढून ठेवला आणि आपलं दुकान बहुतेक बंद झालं असावं, असं जाहीर केलं.

भाचीच्या ते मनाला लागलं. परक्यांची दुकानं वर चढवायची आणि सख्ख्या मामाचं तळाला, हे तिच्या पचनी पडेना. मग ऑफिसात सगळे करायचे तेच तिनंही केलं. पानभर 'उत्तम बूट, आरामदायी बूट' असे शब्द पेरले आणि जेवणाच्या सुट्टीत बसून वीस खूश गिऱ्हाइकांचे अभिप्राय स्वतःच लिहून टाकले. महिनाभरात वेबसाइट पहिल्या पानावर चौथी आली. फोन वाजायला लागला. हे कसं जमलं ते मामानं विचारलं नाही. त्यातलं आपल्याला काय कळणार, म्हणून तो आपल्या कामाला लागला.

एका मंगळवारी सकाळी एक बाई आल्या. टपाल कचेरीत नोकरीला होत्या. त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलीचा डावा पाय अडीच सेंटिमीटर आखूड होता. मुलीला आणण्याआधी त्यांना खात्री करून घ्यायची होती. त्यांनी मोबाइलवर एक अभिप्राय काढून दाखवला. कुणा आईनं लिहिलं होतं, की माझी लेक धड चालत नव्हती, या बुटांत ती शाळेच्या शर्यतीत पहिली आली. त्या आईशी एकदा बोलता येईल का, एवढंच त्यांचं विचारणं होतं.

मामानं कपाट उघडलं. त्या वयाच्या मुलींचे सगळे कागद टेबलावर पसरले, एकेक उलटून पाहिला. अर्धा तास गेला. बाई गुडघ्यावर पर्स धरून बसून राहिल्या.

"अशी मुलगी माझ्याकडे आलेली नाही," तो शेवटी म्हणाला. "हे कुणी लिहिलं, मला माहीत नाही. मी उंची भरून काढतो. चाल सुधारते, कंबरेचं दुखणंही बऱ्याचदा कमी होतं. शर्यतीचं मी सांगू शकत नाही."

बाईंनी त्याचे आभार मानले आणि त्या जिना उतरून गेल्या.

संध्याकाळी त्यानं भाचीला बोलावून घेतलं. तो चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"तू लिहिलंस?"

"हो. मामा, सगळेच असं करतात."

"करत असतील. पण त्या बाईंची मुलगी खरी आहे ना."

तिथंच बसून तिनं वीसच्या वीस अभिप्राय काढून टाकले. आठवड्याभरात वेबसाइट नवव्या पानावर घसरली.

मात्र त्याआधीच, दुसऱ्या दिवशी, बाईंनी येण्याआधी ज्या नंबरवरून दुकानात फोन केला होता त्यावर तिनं त्यांना फोन लावला. काय बोलायचं ते तीनदा घोकलं होतं, पण पहिल्याच वाक्याला जीभ अडखळली. ते मी लिहिलं होतं, खोटं होतं, माझं चुकलं, एवढं कसंबसं सांगून झालं.

"मी तिला त्या शर्यतीचं सांगून बसले होते," त्या म्हणाल्या.

भाचीनं पुन्हा माफी मागितली. मग, त्या फोन ठेवतील अशी भीती असूनही, तिनं विचारलं की इंटरनेटवर त्यांनी आधी नेमकं काय शोधलं होतं. बाईंनी जे टाइप केलं होतं ते सांगितलं: मुलीचा एक पाय आखूड आहे, शाळेत चिडवतात, काय करावं. त्यावर कामाचं काहीच सापडलं नाही, म्हणून मग त्यांनी बूट शोधले होते.

भाचीनं ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. शनिवारी ती वही घेऊन मामाजवळ बसली आणि तिनं तोच प्रश्न त्याला विचारला. हातातली कातडं कापायची रापी खाली ठेवून मामा बोलत राहिला. उंची सगळी तळाला लावायची नाही, थोडी बुटाच्या आत लपवायची. दुसऱ्या पायातला बूटही तसाच जाड दिसेल असा शिवायचा, म्हणजे पोरांच्या नजरेत येत नाही. मुलीला रंग निवडू द्यायचा. ती वहीत उतरवत गेली, एकही शब्द न पेरता. वर मथळा दिला तो बाईंचाच प्रश्न, आणि वेबसाइटवर त्याचं एक नवं पान केलं.

पुढं दर शनिवारी ती यायची आणि गिऱ्हाईक जे विचारील ते टिपायची. एकच बूट लवकर का झिजतो, मधुमेह असेल तर आतली शिवण कुठं हवी, नवे बूट किती दिवसांनी अंगवळणी पडतात. अशी तीस पानं झाली. तीन महिने काहीच हललं नाही. मामी अधूनमधून विचारायची आणि उत्तर ऐकून उसासा टाकायची. चौथ्या महिन्यात बाईंचा प्रश्न शोधला की आखूड पायाचं पान सहाव्या क्रमांकावर दिसू लागलं, मग दुसऱ्या. 'खास बूट' शोधलं तर मामा अजूनही मागंच होता, पण ज्यांना त्याची गरज होती ती माणसं आता तसं शोधतच नव्हती.

जूनमध्ये त्या बाई मुलीला घेऊन आल्या. ते पान त्यांनी वाचलं होतं. भाची समोर आली तेव्हा त्या तिच्याशी फार बोलल्या नाहीत, पण माप घेताना तिनं पुढं केलेली खुर्ची त्यांनी घेतली.

मुलीनं गडद निळा रंग निवडला. ती शर्यतीत वगैरे धावली नाही. शाळेत चालत जाऊ लागली. पहिल्या आठवड्यात डावा बूट कुरकुरतो म्हणून ती तक्रार घेऊन आली, पुढच्या आठवड्यात पुन्हा आली. तिसऱ्या खेपेला मामाला कारण सापडलं.